पोकळी घडवणारा शिल्पकार: अनिश कपूर यांच्या कामात नेमकं बघायचं काय?

ऑगस्ट २०१८. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातलं सेराल्व्हेस म्युझियम. तिथल्या एका चौकोनी खोलीत जमिनीवर मधोमध एक काळा गोल होता. कुणीतरी ब्रशने भला मोठा ठिपका काढून ठेवावा, तसा. साठीतले एक इटालियन पर्यटक त्या गोलावर गेले आणि थेट खाली पडले. कारण तो ठिपका नव्हताच. तो सुमारे अडीच मीटर खोल खड्डा होता.

सुदैवाने जिवावर बेतलं नाही. त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, उपचार झाले आणि घरी सोडण्यात आलं. धोक्याची सूचना देणारा फलक होता, लक्ष ठेवायला कर्मचारीही होता. तरीही हे घडलं. बातमी जगभर फिरली आणि बहुतेकांनी ती हसण्यावारी नेली.

पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतो. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला समोरचा पुरुषभर खोल खड्डा सपाट दिसावा, असं त्यात होतं काय? आणि खड्ड्याला शिल्प का म्हणायचं?

त्या खड्ड्याचं नाव 'डिसेंट इनटू लिम्बो'. १९९२ साली जर्मनीतल्या कासेलमध्ये भरलेल्या 'डॉक्युमेंटा' या प्रदर्शनात तो पहिल्यांदा दाखवला गेला होता. करणारा शिल्पकार मुंबईत जन्मलेला. नाव अनिश कपूर.

कोण आहेत अनिश कपूर?

अनिश कपूर यांचा जन्म १९५४ सालचा, मुंबईचा. वडील पंजाबी हिंदू, भारतीय नौदलात समुद्राचा तळ मोजण्याचं, नकाशे करण्याचं काम करणारे. आई बगदादी ज्यू कुटुंबातली. आईचे वडील पुण्यातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, प्रार्थना गाण्याचं काम करायचे.

शाळा डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये झाली. १९७१ मध्ये ते भावासोबत इस्रायलला गेले. तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण गणिताशी जमेना. काही महिन्यांत ते सोडलं आणि कलावंत व्हायचं ठरवलं. १९७३ मध्ये ते ब्रिटनला गेले. आधी हॉर्न्सी कॉलेज ऑफ आर्ट, मग चेल्सी स्कूल ऑफ आर्ट असं शिक्षण घेतलं. तेव्हापासून त्यांचं मुख्य काम लंडनमध्येच आहे.

१९९० मध्ये व्हेनिस बिएनालेमध्ये त्यांनी ब्रिटनचं प्रतिनिधित्व केलं. १९९१ मध्ये ब्रिटनमधला मानाचा टर्नर पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिलं, तर २०१३ मध्ये ब्रिटनने 'सर' हा किताब.

थोडक्यात, आज जगात ज्या शिल्पकारांची नावं कलेशी संबंध नसलेल्या लोकांनाही माहीत असतात, अशा मोजक्यांपैकी ते एक. आणि त्यांच्या कामात माणूस, घोडा, तलवार, चेहरा यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

'हे कशाचं शिल्प आहे?' या प्रश्नाची अडचण

आपल्याकडे शिल्प म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुतळा येतो. पुतळा म्हटला की पहिला प्रश्न, कुणाचा? तो चबुतऱ्यावर असतो, खाली पाटी असते, पाटीवर नाव असतं. नाव वाचलं की आपलं बघणं संपतं.

अमूर्त शिल्पाला पाटी लावता येते, पण तिचा फारसा उपयोग होत नाही. कारण ते कशाचीही नक्कल नसतं. मग बघायचं काय? आकार, त्याचा पृष्ठभाग, रंग, वजन, आकारमान, आणि तो आकार भोवतालच्या जागेचं काय करतो ते. शेवटची गोष्ट कपूर यांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची आहे.

साधारणपणे शिल्पकार वस्तू घडवतो आणि ती रिकाम्या जागेत ठेवतो. कपूर अनेकदा उलटं करतात. वस्तू निमित्त असते. घडवायची असते ती रिकामी जागाच.

मराठीत यासाठी आपल्याकडे छान शब्द आहेत. 'पोकळी' म्हणजे नुसतं रिकामपण नाही, कशाने तरी वेढलेलं रिकामपण. भिंत नसेल तर पोकळी नाही. 'अवकाश' म्हणजे जागाही आणि वेळही. 'अजून अवकाश आहे' असं आपण म्हणतो तेव्हा वेळेबद्दल बोलत असतो. कपूर यांची शिल्पं बघताना हे दोन्ही शब्द उपयोगी पडतात. कारण ती एका जागी उभं राहून, एका क्षणात बघून होत नाहीत.

सुरुवात रंगाच्या ढिगांपासून

१९७९ मध्ये कपूर भारतात येऊन गेले. देवळांबाहेर, बाजारात मांडलेले कुंकवाचे, हळदीचे, गुलालाचे ढीग आपण रोज बघतो आणि पुढे जातो. कपूर यांना त्यात शिल्प दिसलं. परत गेल्यावर त्यांनी '१००० नेम्स' ही मालिका सुरू केली. नाव ऐकून आपल्याला सहस्रनाम आठवलं तर त्यात नवल नाही.

या मालिकेत लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या भुकटीने माखलेले छोटे आकार जमिनीवर मांडलेले असायचे. कुठे घुमट, कुठे शंकू, कुठे पायऱ्यांचा डोंगर. भुकटी आकारावरून घरंगळून भोवती जमिनीवरही पसरलेली असायची.

एवढ्याशा गोष्टीने दोन परिणाम व्हायचे. पहिला, आकार नेमका कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते ते कळत नाही. समुद्रात हिमनगाचं टोक दिसावं तसं वाटतं, म्हणजे दिसतंय ते थोडंच आणि बाकीचं जमिनीखाली आहे. प्रत्यक्षात खाली काहीच नसतं. दुसरा, भुकटीमुळे आकार आतून कशाचा आहे हे लपतं. लाकूड की प्लास्टर, कळायला मार्ग नाही. उरतो तो फक्त रंग. रंग लावलेली वस्तू नाही, तर रंगाचीच वस्तू.

'जे दिसतंय त्याच्यामागे जे नाही, ते तुमच्या मनात तयार करायचं' ही कपूर यांची युक्ती इथेच सापडली. पुढच्या चाळीसएक वर्षांत साहित्य बदललं, आकारमान शेकडो पटींनी वाढलं, पण ही युक्ती टिकून राहिली.

खड्डा सपाट का दिसतो?

आता पोर्तोच्या खड्ड्याकडे परत जाऊ.

एखादी गोष्ट खोल आहे हे आपल्याला कळतं कसं? डोळे थेट खोली मोजत नाहीत, ते खुणा शोधतात. खड्ड्याची एक बाजू उजेडात, दुसरी सावलीत असते. आतल्या भिंतीवर खरखरीतपणा, डाग, माती दिसते. तळ दिसतो. शिवाय दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी दृश्यं दिसतात आणि मेंदू त्या फरकावरून अंतराचा अंदाज बांधतो.

समजा, आतली भिंत अशा गडद, खरबरीत रंगद्रव्याने माखली की तिच्यावर पडलेला जवळपास सगळा प्रकाश तिथेच शोषला गेला. मग सावली नाही, चकाकी नाही, खरखरीतपणा नाही. दोन्ही डोळ्यांना तोच एकसारखा काळोख. तुलना करायलाच काही उरत नाही. खुणा संपल्या की मेंदू सगळ्यात सोपा अंदाज करतो, तो म्हणजे हा जमिनीवर काढलेला एक काळा गोल आहे.

म्हणजे त्या पर्यटकांचे डोळे चुकले नाहीत. त्यांच्या मेंदूने हाताशी असलेल्या माहितीवरून योग्यच निष्कर्ष काढला. माहितीच काढून घेतलेली होती.

त्याआधीच्या 'व्हॉइड फील्ड' मध्येही हेच होतं. १९९० मध्ये व्हेनिसला दाखवलेल्या या कामात वालुकाश्माचे मोठमोठे, ओबडधोबड ठोकळे खोलीभर ठेवलेले होते. प्रत्येकाच्या माथ्यावर एक लहानसं काळं भोक. जवळ जाऊन वाकून बघितलं की कळायचं, दगड आतून कोरलेला आहे आणि आत फक्त अंधार आहे. टनावारी दगड, आणि लक्ष जातं ते त्या मूठभर काळोखाकडे.

इथे एक भीतीही आहे. कठड्यावरून विहिरीत डोकावताना पोटात गोळा येतो, ती. खड्डा 'दिसत' नसला तरी शरीराला काहीतरी जाणवतं. कपूर यांना नेमकं तेच हवं असतं. शिल्प समजण्याआधी ते अंगाला जाणवलं पाहिजे.

एक चमचा घ्या

कपूर यांच्या आरशांचं काम समजून घ्यायला म्युझियममध्ये जायची गरज नाही. स्वयंपाकघरातला स्टीलचा चकचकीत चमचा पुरेसा आहे.

आधी चमच्याची पाठ समोर धरा. हा बहिर्वक्र आरसा. तुमचा चेहरा सरळ पण लहान दिसेल आणि मागची अख्खी खोली त्यात मावेल. आता चमचा फिरवून खोलगट बाजू समोर धरा. हा अंतर्वक्र आरसा. चेहरा उलटा, डोकं खाली. आता बोटाचं टोक अगदी जवळ न्या. ते सरळ आणि मोठं दिसेल.

शिकागोतलं 'क्लाउड गेट' म्हणजे चमच्याची पाठ. अमेरिकेतल्या कुणा मावसभावाच्या फोटोंत तुम्ही ते नक्की पाहिलं असणार. मिलेनियम पार्कमधला तो चांदीसारखा चकाकणारा महाकाय आकार. लोक त्याला प्रेमाने 'द बीन' म्हणतात, म्हणजे घेवड्याचा दाणा. कपूर यांना हे टोपणनाव सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं.

साधारण २० मीटर लांब, १३ मीटर रुंद, १० मीटर उंच. वजन जवळपास १०० टन. स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांपासून ते बनलंय. पत्रे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये तयार झाले आणि शिकागोला आणून जोडले गेले. ऊन-थंडीत पोलाद प्रसरण आणि आकुंचन पावतं. म्हणून बाहेरचं कवच आतल्या सांगाड्याला पक्कं जखडलेलं नाही, थोडं हलू शकेल अशा जोडण्यांनी बांधलेलं आहे.

२००४ मध्ये पार्कचं उद्घाटन झालं तेव्हा काम अपुरं होतं, पत्र्यांमधल्या सांध्यांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. नंतर शिल्पाभोवती तंबू उभारून सांधे वेल्ड केले, घासले आणि पुन्हा पुन्हा पॉलिश केले. मे २००६ मध्ये रीतसर लोकार्पण झालं. सुरुवातीला खर्चाचा अंदाज ६० लाख डॉलरचा होता, तो शेवटी २ कोटी ३० लाख डॉलरवर गेला. हे पैसे देणगीदारांकडून आले.

फक्त सांधे घासायला एवढा खटाटोप का? कारण एक जरी रेघ दिसली तरी डोळ्याला आधार मिळतो. 'अच्छा, हा पत्रा आहे' हे कळतं आणि जादू संपते. सांधा नसला की पृष्ठभाग नेमका कुठे आहे हेच समजत नाही. तुम्ही शिल्पाकडे बघता आणि तुम्हाला दिसतं आकाश, इमारतींची वाकलेली रांग आणि गर्दीत हात हलवणारे तुम्ही. १०० टनांची वस्तू डोळ्यांसमोर असून नसल्यासारखी होते.

म्हणजे खड्डा आणि आरसा ही दोन टोकं वाटली तरी काम एकच करतात. खड्डा सगळा प्रकाश गिळतो, आरसा सगळा परत पाठवतो. दोन्हीकडे वस्तूचा पृष्ठभाग गायब होतो.

क्लाउड गेटच्या कमानीखालून गेलात आणि वर पाहिलंत तर आतला भाग खोलगट आहे. तिथे तुमच्या एकाच्या अनेक प्रतिमा होतात, ताणतात, एकमेकींत मिसळतात. या भागाला 'ऑम्फलॉस' म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ नाभी. योगायोग बघा, शाळेत अंतर्वक्र आरसा शिकताना प्रकाशकिरण जिथे एकत्र येतात त्या बिंदूला आपण नाभीच म्हणायचो.

चमच्याची दुसरी बाजू म्हणजे 'स्काय मिरर'. पहिला २००१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये बसवला गेला. सहा मीटर व्यासाची स्टीलची तबकडी, खोलगट बाजू आकाशाकडे कललेली. रस्त्यावरून चालताना मान वर न करता तुम्हाला ढग दिसतात. आकाश जमिनीवर येतं.

म्युझियममधल्या अंतर्वक्र आरशांची गंमत आणखी वेगळी. लांबून तुम्ही उलटे दिसता. जवळ जाताना एका टप्प्यावर प्रतिमा फुटते, विरघळते, काहीच ओळखू येत नाही. आणखी पुढे गेलात की अचानक सरळ आणि मोठे. लांबून दिसणारी उलटी प्रतिमा आरशाच्या मागे नसते, ती आरशाच्या पुढे हवेत तयार होते. साध्या आरशात जागा काचेच्या पलीकडे असल्यासारखी वाटते. इथे ती अलीकडे, तुमच्या बाजूला येते. रिकामी जागा घडवायची म्हणजे काय, याचं याहून सोपं उदाहरण नाही.

जे एकदम पूर्ण दिसत नाही ते

आकारमान हेही कपूर यांचं साहित्यच आहे. २००२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलमध्ये त्यांनी 'मार्सियस' उभारलं. तीन पोलादी कड्यांवर गडद लाल पीव्हीसीचा पडदा ताणून केलेलं, तुतारीच्या तोंडासारखं पसरत जाणारं शिल्प. इंजिनिअर सेसिल बालमंड त्यांच्यासोबत होते. सुमारे १५० मीटर लांबीच्या त्या हॉलमध्ये अशी एकही जागा नव्हती, जिथून शिल्प पूर्ण दिसेल.

२०११ मध्ये पॅरिसच्या ग्रां पॅलेमध्ये 'लेव्हायथन' आलं. प्रेक्षक आधी फुगवलेल्या शिल्पाच्या पोटात शिरायचे. आत लाल, मंद उजेड. मग बाहेर येऊन तोच आकार बाहेरून बघायचे. आत होतो तेव्हा बाहेरची कल्पना येत नाही आणि बाहेर आलो की आत होतो ती जागा कुठली, हे सांगता येत नाही. तुकडे जोडायचं काम तुमच्या आठवणीचं. म्हणून मघाशी म्हटलं, अवकाश म्हणजे वेळही.

मुंबईत जेव्हा तोफ डागली गेली

२०१० च्या अखेरीस कपूर यांचं भारतातलं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. एक भाग दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, दुसरा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. मेहबूब स्टुडिओचीही स्थापना १९५४ सालची, म्हणजे स्टुडिओ आणि शिल्पकार एकाच वयाचे.

मेहबूबमध्ये आरसे होते आणि 'शूटिंग इनटू द कॉर्नर' होतं. एक खरीखुरी तोफ, हवेच्या दाबावर चालणारी. काळ्या कपड्यांतला एक माणूस येतो, लाल मेणाचा गोळा भरतो, थांबतो. मोठा आवाज होतो आणि गोळा समोरच्या कोपऱ्यात जाऊन आदळतो. दर वीस मिनिटांनी एक. दिवस जातात तसा कोपऱ्यात लाल ढीग साचत जातो. भिंतीवर शिंतोडे, ओघळ.

हे शिल्प पहिल्यांदा दाखवलं गेलं ते व्हिएन्नात. पण मुंबईत ते आलं तेव्हा २६/११ च्या हल्ल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. अमूर्त कलेचा मुद्दा इथे नीट लक्षात येतो. कपूर यांनी मुंबईसाठी काही बदललं नव्हतं. तोफ तीच, मेण तेच. पण लाल रंग, स्फोटाचा आवाज आणि भिंतीवरचे डाग यांचा अर्थ प्रत्येक शहर आपापल्या अनुभवातून लावतं. शिल्पावर 'हे अमुक घटनेबद्दल आहे' अशी पाटी असती तर ते त्या एका घटनेपुरतं राहिलं असतं.

मेणाचं दुसरं गाजलेलं काम म्हणजे 'स्वयंभ'. आपल्या 'स्वयंभू'शी नातं सांगणारं हे नाव. लाल मेणाचा प्रचंड ठोकळा रुळांवरून अगदी हळू, डोळ्यांना जाणवेल न जाणवेल इतक्या वेगाने, एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो. दरवाजे त्याच्यापेक्षा किंचित लहान. त्यामुळे प्रत्येक चौकट त्याला खरवडते आणि आकार देते. चौकटींना लाल मेण चिकटून राहतं. २००९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते दाखवलं गेलं तेव्हा लोक तासन् तास बघत थांबायचे.

आपल्याकडे स्वयंभू मूर्ती म्हणजे कुणी न घडवलेली, आपोआप प्रकटलेली. कपूर यांचा दावा तसाच काहीसा आहे. इथे छिन्नी नाही, हात नाही. इमारतच शिल्पकार आहे. अर्थात ठोकळा, रूळ आणि वेग ठरवणारा माणूस एकच, हेही खरं.

मग वाद कशाचे?

इतक्या 'रिकाम्या' कलेवरून भांडणं मात्र भरपूर झाली आहेत. आणि जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. ही जागा कुणाची?

पहिला वाद काळ्या रंगाचा. २०१४ मध्ये 'सरे नॅनोसिस्टिम्स' या ब्रिटिश कंपनीने 'व्हँटाब्लॅक' जाहीर केला. हा डब्यात मिळणारा रंग नाही. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं दाट जंगल म्हणता येईल असा तो लेप आहे. प्रकाश त्यात शिरतो, नळ्यांमध्ये आपटत राहतो आणि उष्णतेत बदलतो. ९९.९ टक्क्यांहून अधिक प्रकाश परत येतच नाही. मूळ उपयोग अवकाशयानांवरच्या उपकरणांसाठी. २०१६ मध्ये कंपनीने कलेत तो वापरण्याचा हक्क एकट्या कपूर यांना दिला.

कलावंत भडकले. स्टुअर्ट सेम्पल या ब्रिटिश कलावंताने 'जगातला सगळ्यात गुलाबी गुलाबी' विकायला काढला. अट एकच, घेणाऱ्याने आपण अनिश कपूर नसल्याचं कबूल करायचं. कपूर यांनी तो मिळवला, त्यात मधलं बोट बुडवलं आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. भांडण पोरकट वाटेल, पण प्रश्न खरा आहे. पोकळीचं गूढ जगाला दाखवणाऱ्या माणसाने काळोखावर मालकी सांगावी का? कपूर यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की हे बाटलीतलं रंगद्रव्य नसून गुंतागुंतीचं तंत्रज्ञान आहे. व्हँटाब्लॅकची त्यांची शिल्पं २०२२ मध्ये व्हेनिसला दाखवली गेली. टीकाकारांचं समाधान त्याने झालं नाही.

दुसरा वाद प्रतिमेचा. क्लाउड गेट भर चौकात आहे, पण त्याच्या प्रतिमेचे हक्क कपूर यांच्याकडे आहेत. अमेरिकेतल्या बंदूकसमर्थकांच्या 'नॅशनल रायफल असोसिएशन' या संघटनेने आपल्या व्हिडिओत त्याचं दृश्य वापरलं, तेव्हा कपूर २०१८ मध्ये कोर्टात गेले. वर्षाअखेरीस तडजोड झाली आणि संघटनेने ते दृश्य काढून टाकलं. अनेकांना कपूर यांची बाजू पटली. पण याच हक्कामुळे एरवी व्यावसायिक छायाचित्रकाराला परवानगी घ्यावी लागते. सगळ्या शहराला सामावून घेणारा आरसा सगळ्या शहराचा नाही, ही विसंगती उरतेच.

तिसरा वाद सगळ्यात गंभीर. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत कपूर यांचं 'डर्टी कॉर्नर' मांडलं होतं. ६० मीटर लांबीचं, गंजलेल्या पोलादाचं, कर्ण्यासारखं शिल्प. काही जणांनी त्यावर ज्यूद्वेषी मजकूर रंगवला. ज्यू आईच्या पोटी जन्मलेल्या कपूर यांनी तो पुसायला नकार दिला. द्वेष झाकण्यापेक्षा तो लोकांना दिसू दे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने मजकूर झाकायचा आदेश दिला. शेवटी त्यावर सोन्याचा वर्ख चढवला गेला.

या प्रसंगाने अमूर्त कला 'कुणाच्या अध्यातमध्यात नसते' हा समज खोटा ठरवला. ज्या शिल्पावर एकही चेहरा, एकही अक्षर नव्हतं, त्यावर लोकांनी आपल्या मनातलं लिहून टाकलं. रिकामी जागा दिसली की तिथे काय भरलं जाईल, हे शिल्पकाराच्या हातात राहत नाही.

चौथा आक्षेप पैशांचा आणि भव्यतेचा. लंडन ऑलिम्पिकसाठी उभारलेलं, ११४.५ मीटर उंचीचं 'ऑर्बिट' हे त्याचं ठळक उदाहरण. बहुतांश पैसा पोलाद उद्योगपती लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीचा, नावही कंपनीचंच. २०१६ मध्ये त्याला घसरगुंडी जोडली गेली. शिल्प की जत्रेतला पाळणा, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. भव्य आकार प्रेक्षकाला थक्क करतो की गप्प करतो? कपूर यांच्या मोठ्या कामांबद्दल हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक शिल्पासमोर वेगळं मिळतं.

समोर उभं राहिल्यावर काय करायचं?

अमूर्त शिल्पासमोर आपल्यापैकी बरेच जण अवघडतात. काही कळलं नाही तर आपण अडाणी ठरू, असं वाटतं. मग एक सेल्फी काढून पुढे जातो. पण कपूर यांच्या शिल्पांना कलेच्या इतिहासाचं ज्ञान लागत नाही. तीन साध्या गोष्टी लागतात.

एक, हला. पुढे जा, मागे या, वाका, कडेने बघा. एका जागी उभं राहून त्यातलं निम्मंही दिसत नाही.

दोन, 'हे कशाचं आहे' याऐवजी 'हे कुठे संपतं' असं विचारा. कड सापडते का, पृष्ठभाग नेमका कुठे आहे, आतली जागा बाहेरच्यापेक्षा मोठी वाटते का, हे शोधा.

तीन, पोटात गोळा आला, तोल गेल्यासारखं वाटलं, हसू आलं, तर ते बाजूला सारू नका. तुमच्या शरीराने शिल्प बघितलं, त्याची ती पावती आहे.

आपल्या चौकांमधल्या पाट्या आपल्याला सांगतात, कुणापुढे मान झुकवायची. त्यांची गरज असेलही. पण शहरात एखादी जागा अशीही हवी जिथे कुणाचं नाव नाही, नमस्कार नाही, घोषणा नाही. उभं राहायचं, बघायचं आणि काय दिसलं ते बरोबर आलेल्या माणसाला सांगायचं. त्याला बहुधा वेगळंच दिसलेलं असेल.

तोवर चमचा आहेच. आज जेवायला बसलात की उलटसुलट करून बघा. फक्त खोलगट बाजूकडे बघताना हळूहळू जवळ जा, आणि तुमचा चेहरा नेमका कुठे हरवतो तिकडे लक्ष ठेवा.